पोचल्याची वेळ

"मॅडम, पहिलं उत्तर घेऊ नका. तिसरं घ्या," असं मल्लिकार्जुनने बजावलं होतं. पंचशीलाने मान डोलावली आणि सोडून दिलं. तिला वाटलं, हा माणूस बोलायला निमित्त शोधून राहिलाय.

ओळखही मोठी गमतीची. दुष्काळाचं ते साल, उदगीर जिल्हा होणार होणार म्हणून चहाच्या टपरीवर रोज वाद, आणि लातुरात नळाला पाणी नाही. पंचशीला टँकरच्या नियंत्रण कक्षात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायची. एका दुपारी दारात धुळीने माखलेला एक उंच माणूस उभा दिसला. टँकरचा ड्रायव्हर समजून तिने त्याला उशिरावरून चांगलंच झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी देगलूरचा मल्लिकार्जुन. नांदेडहून आलो. टँकर न्हाई चालवत, प्रोग्राम लिहितो," तो म्हणाला. "पण थांबू नका... बोला की."

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला रागही आला. नवरा अपघातात गेल्यापासून कुणी तिच्याशी असं हसून बोललं नव्हतं. लोक आधी तिच्या गळ्याकडे बघायचे, मग बोलायचे.

त्याने एक फंक्शन लिहून दिलं, प्रोग्रामचा एक छोटा तुकडा. गावाचं नाव घातलं, की ते एका दमात तीन उत्तरं द्यायचं: टँकर कधी निघाला, किती पाणी घेऊन निघाला, गावात कधी पोचला. पाणी पोचलेलं गाव हिरवं दाखवणारा एक पडदा कक्षाच्या भिंतीवर होता, त्याच्यासाठी तिला पोचल्याची वेळ तेवढी हवी होती. पहिल्या दोन उत्तरांच्या जागी नुसती रेघ टाकायची, म्हणजे ती गळतात, आणि तिसऱ्याला नाव द्यायचं, हे त्याने वाकून दाखवलं. तिचं लक्ष मात्र त्याच्या मनगटावरच्या उन्हाच्या रेषेकडे...

तो गेल्यावर तिने सरळ पहिलंच उत्तर उचललं. पडद्यावर वेळ आली, गाव हिरवं झालं. कक्षात तरी निघणं आणि पोचणं कोण वेगळं करत होतं? गाडी सुटली, की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे 'पाणी पोचलं' असंच म्हणायचे.

लातुरात प्यायला पाणी नाही, म्हणून तिने मैत्रीला, आपल्या चार वर्षांच्या लेकीला, औशापुढच्या वस्तीवर आईकडे ठेवलं होतं. ती वस्ती पडद्यावर रोज हिरवी व्हायची. ते बघून पंचशीला डबा उघडायची.

मग शेजारच्या सरजाबाईचा फोन आला. "टँकर कालपासून न्हाई. तुझी माय विहिरीत उतरलीया. पोरगी काठावर बसून रडून राहिलीय." पुढे फोन लागेना.

पंचशीलाने पडद्याकडे पाहिलं. हिरवा.

मल्लिकार्जुन त्या दिवशी कक्षातच होता. त्याने तिचा चेहरा पाहिला, मग तिने लिहिलेली ओळ पाहिली. मोटारसायकलची किल्ली तेवढी उचलली. औशाच्या रस्त्यावर उन्हाची झळ अंग भाजत होती. मागे बसलेल्या तिने आधी गाडीचा दांडा धरला होता, मग कधीतरी त्याच्या शर्टाची कड मुठीत आली. तो एवढंच म्हणाला, "धरा. मी पाडत न्हाई."

तिची आई, केवळाबाई, विहिरीतून वर आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं, घागरीत तळाशी गढूळ पाणी. मैत्री आजीच्या पदराला चिकटली होती. पंचशीला दोघींना एकदम कवटाळायला गेली, तर आईने तिला कोपराने सारलं.

"तू म्हणतीस पाणी पोचलं. मग माझ्या घागरीत हा चिखल का?"

मल्लिकार्जुन ड्रायव्हरला फोन लावत उभा होता. टँकर काल लातूर सोडल्या सोडल्याच बंद पडला होता. त्याने दुसरा वळवून घेतला, आणि उन्हं कलताना तो खरोखर आला. बायका पाइपाभोवती भांडू लागल्या. त्या गलक्यात मल्लिकार्जुन पंचशीलाजवळ आला.

"एकच इचारतो. माझ्यासंगं संसार कराल?"

"मला लेक आहे," ती घाईने म्हणाली. "आणि आम्ही बौद्ध. देगलूरला तुमच्या घरी चालणार नाही."

"ही दोन्ही मला म्हाईत हायत, अन् दोन्ही कबूल हायत. पण इचारलंय ते सांगितलंच न्हाई तुम्ही."

ती पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिली. भीती होती, होतीच... पण भीतीच्या मागे दुसरं काहीतरी केव्हाचं ताटकळत होतं.

"हाव," ती म्हणाली.

"म्हणली का हाव?" मागून केवळाबाई बोलल्या. "मग जावयाला घागरी उचलू दे. हात रिकामे दिसतेत."

आता पंचशीला नांदेडला असते. मैत्री शाळेत जाते, मल्लिकार्जुन सकाळचा चहा करतो आणि तो हमखास गोड करतो. केवळाबाई मात्र शेळ्या सोडून यायला तयार नाहीत. वस्तीवर रेंज कधी असते, कधी नसते, आणि फोन लागला नाही, की पंचशीलाला घास जात नाही. आजही सकाळपासून लागलेला नाही. औशावरून पुढे जाणारं कुणी ओळखीचं निघालं, की ती गाठतेच. तुम्ही निघाला असाल, तर तुम्हालाही तिचं एवढंच मागणं आहे: वस्तीवर निळ्या दाराचं घर आहे, कडी वाजवा, म्हातारी बाहेर येईस्तोवर थांबा, आणि तिला डोळ्यांनी बघितल्यावर मगच फोन करा.