न फोडलेलं पाकीट

चँडलर या वाळवंटातल्या अमेरिकन शहरात राहणाऱ्या श्रीरंग दाबकेला वेड एकच, घोडागाडीने टपाल नेणाऱ्या जुन्या खासगी कंपन्यांची पाकिटं जमवायचं. जुलैतल्या एका शनिवारी त्याच्या हाती आलेलं पाकीट तर दीडशे वर्षांत कुणी फोडलंच नव्हतं. वर नाव होतं एलायझा, आणि कोपऱ्यात शेरा, ‘बाई सापडली नाही’.

“अरे, उघड ना,” त्याची बायको सुमेधा म्हणाली. “बिचारीचं पत्र आहे ते.”

“वेडी आहेस का? सील तुटलं की पीस खलास!” पाकिटं जमवणाऱ्यांचा हा नियमच. आतलं पत्र कुणाचं, हे कुणी विचारत नाही.

सुमेधा ग्रोसरीला गेली आणि चारच्या सुमाराला धुळीचं वादळ उठलं. खिडक्या आधी तांबड्या, मग काळ्या झाल्या. घरभर घोड्यांच्या घामाचा वास पसरला. दारावर टकटक झाली.

पोर्चमध्ये पायघोळ झग्यातली एक बाई उभी होती, नखशिखांत धुळीने माखलेली.

“माझं काही... आलंय का?” तिने इंग्रजीत हळूच विचारलं. “मी एलायझा. रोज विचारते...”

श्रीरंगने हातातल्या पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. पाकीट सोडवेना, इतका त्याचा जीव त्यात अडकला होता. पण तिच्या तोंडाकडेही बघवेना. शेवटी त्याने ते पुढे केलं. तिने हात मागे घेतला.

“मला वाचता येत नाही... तुम्ही वाचाल?”

त्याने सील तोडलं आणि मोठ्याने वाचलं, “हे पत्र तुला जिथे कुणी वाचून दाखवेल, तिथेच थांब. मी न्यायला येतोय.”

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि आपण काय करून बसलो, ते त्याला कळलं.

तिचा चेहरा उजळला. “मग थांबते,” म्हणत ती पोर्चमधल्या लोखंडी खुर्चीवर बसली. वादळ ओसरलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुमेधाने ती खुर्ची सरकवायला धरली. चँडलरच्या उन्हात लोखंडाला हात लावला तर चटका बसतो. ती दचकली.

“श्री, ही इतकी गार कशी रे?”

“हलवू नकोस.” त्याने सगळं सांगितलं.

सुमेधाने डोळे पुसले. “येऊ दे गं तुझा माणूस,” ती खुर्चीकडे बघून म्हणाली.

पत्राखाली सही नव्हती, एवढं मात्र श्रीरंगने दोघींनाही सांगितलं नाही.