तळहातावरच्या दहा फेऱ्या

त्या दुपारी माझ्या खोलीच्या फरशीवर एकूण सव्वीस वस्तू होत्या. माझ्या वडिलांचे, अप्पांचे, कायद्याचे जाडजूड ग्रंथ सतरा, ट्रॅकची भिंत म्हणून आडवे मांडलेले. वळणांच्या खुणांसाठी खडूचे तुकडे सहा. एक मोजपट्टी, एक वही. आणि पाच सेंटिमीटर लांबीची एक मोटारगाडी. रिमोट टेबलावर होता, बंद. माझे दोन्ही हात केसांत होते, कारण मी वेणी घालत होते.

आणि गाडी चालू लागली.

सरळ गेली, डावीकडे वळली, अप्पांच्या करार कायद्यावर आपटली आणि तिथेच चाकं गरगरा फिरवत उभी राहिली. मी वेणी अर्धीच सोडली.

हे २००३ सालच्या श्रावणातलं. त्या चिमुकल्या रिमोटच्या गाड्या आमच्याकडे नुकत्याच आल्या होत्या. हुबळीला कोप्पीकर रोडवर गुरुराज यांचं खेळण्यांचं दुकान होतं, तिथल्या काचेच्या कपाटात त्या एका ओळीत मांडलेल्या असत. रिमोटच्या पोटाला गाडी अडकवली की मिनिटभरात ती चार्ज होई आणि मग दोन मिनिटं अशी सुसाट पळे, की बघणाऱ्यानं श्वास घ्यायला विसरावं. माझी एम.एस्सी.ची परीक्षा संपली होती. 'आता पुढे काय?' असं घरी दिवसातून सरासरी चार वेळा विचारलं जाई. आणि मी जमिनीवर पालथी पडून चाकांच्या रबरावर चिकटपट्टी फिरवून धूळ काढत असे, आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकानं देत असे. एका थेंबानं फेरीमागे चार दशांश सेकंद वाचले, तेव्हा मी आमच्या मळमड्डीतल्या त्या शांत गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले होते.

पण गाडी आपोआप चालणं हे तेलाचं काम नव्हतं.

मी वही घेतली. पाच वेळा चार्ज केली, पाचही वेळा रिमोट बंद करून गाडी नुसती फरशीवर ठेवली. शेवटच्या एका मिनिटात ती एकोणीस वेळा डावीकडे वळली, उजवीकडे बारा वेळा. आणि हे वळणं उगाच नव्हतं. सरळ, डावं, डावं, छोटं सरळ, उजवं… मग पुन्हा तेच. दर साडेनऊ सेकंदांनी. कोणीतरी फेऱ्या मारत होतं, आणि माझी गाडी त्याचं ऐकत होती.

या गाड्यांवर चार रंगांच्या पट्ट्या असत. लाल, निळी, हिरवी, पिवळी. प्रत्येक रंगाची रेडिओलहर वेगळी. एकाच रंगाच्या दोन गाड्या जवळ आल्या, की दोन्ही रिमोट दोन्ही गाड्यांना हुकूम सोडतात. माझी लाल. आणि हे रिमोट सहा-सात मीटरच्या पलीकडे पोचत नाहीत. म्हणजे दुसरी लाल गाडी भिंतीच्या पलीकडे होती. शेजारच्या भागीरथीअक्कांकडे.

मी आलेख कागदावर ती सगळी वळणं काढली, कागद दुमडला आणि बाहेर पडले. जिटीजिटी पाऊस चालू होता, छत्री लागू नये पण चष्मा पुसावा लागावा असा.

भागीरथीअक्का जोत्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. "वरच्या खोलीत कोण राहायला आलंय, अक्का?"

"निपाणीचा पोरगा आहे. कारखान्यात ट्रेनिंगला. सकाळची पाळी करून येतो अन् दार लावून घुर्रर्र करत बसतो." त्यांनी माझ्या अर्ध्या वेणीकडे पाहिलं. "तू पण तसलीच दिसतीयस बघ. जा वर."

दार उघडणाऱ्याच्या कपाळावर ग्रीसचा डाग होता आणि हातात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर. मी कागद त्याच्या पुढ्यात धरला.

"हा तुमचा ट्रॅक आहे का?"

त्यानं कागद पाहिला. मग मागे वळून खोलीतली फरशी पाहिली. परत कागद.

"तुम्ही खिडकीतून…"

"तुमची खिडकी बंद आहे."

"मग?"

"या तिसऱ्या वळणावर तुम्ही दर वेळी दोनदा थांबता. तिथे काय आहे?"

"पलंगाचा पाय," तो म्हणाला. आणि मग हळूच, "कोण तुम्ही?"

मी मुठीतली लाल गाडी त्याला दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते भीतीपासून आनंदापर्यंतचं सगळं अंतर तीनेक सेकंदांत कापून गेलं.

"म्हणजे… ते तुम्ही? आठवडाभर माझी गाडी मधेच उलटी फिरतेय! तीनदा खोलून बघितली मी. मोटर बदलली. काल तर नारळ फोडणार होतो."

"माझ्या नावानं?"

"नाव माहीत असतं तर फोडलाच असता."

"दीपश्री."

"साकेत." त्यानं कपाळ पुसलं आणि ग्रीस भुवईपर्यंत नेलं. "नारळ आणलेला आहे. खोबरं घेणार?"

अशी सुरुवात झाली.

आम्ही वेळापत्रक केलं. भिंतीवर एक टकटक म्हणजे 'लाल लहर मला हवी', दोन टकटक म्हणजे 'घ्या'. पण तिसऱ्या दिवसापर्यंत वेळापत्रकाला अर्थ उरला नाही, कारण मी माझे ग्रंथ घेऊन अक्कांच्या खालच्या सोप्यावरच जाऊ लागले. तिथली शहाबादी फरशी लांब आणि गुळगुळीत होती. अक्कांचे यजमान शाळेत ड्रिलमास्तर होते, त्यांचं स्टॉपवॉच अजून चालू होतं. ते अक्का गळ्यात अडकवून खुर्चीत बसत आणि शेंगा सोलत वेळ सांगत. तिसऱ्या दिवशीच 'तुम्ही'सुद्धा गळून पडलं. कोणी आधी सोडलं याची नोंद माझ्या वहीत नाही.

"तू वळणाआधी थांबतेस," साकेत म्हणे. "घाबरतेस."

"मी वेग कमी करते. घाबरणं वेगळं."

"बाहेरून सारखंच दिसतं."

"म्हणून तर मोजायचं असतं."

एक खोड मला तेव्हाच लागली. साकेतची पाळी असली की मी माझा रिमोट बंद करून माझी गाडी चालू ठेवायची, उलटी करून तळहातावर. त्याचा रिमोट दोन्ही गाड्यांशी बोलत असे. तो समोर फरशीवर गाडी पळवायचा, आणि इकडे माझ्या हातात चार चिमुकली चाकं फिरायची. त्यानं बटण दाबलं की फिरत, सोडलं की थांबत. कुठे तो धीट झाला, कुठे कचरला, सगळं तळहाताला गुदगुल्या करत कळायचं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. वहीत मात्र त्याच्या दहा-दहा फेऱ्यांच्या वेळा लिहीत गेले. एकतीस नोंदी झाल्या. त्यातली सगळ्यात वाईट एक मिनिट चाळीस सेकंद.

मग गुरुराज यांनी दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी शर्यत ठेवली. चार लहरी, म्हणून चार गाड्या. एका रंगाचा एकच माणूस. मी बुधवारी बसनं हुबळीला जाऊन लालसमोर नाव लिहून आले. गुरुवारी कारखान्यातून परस्पर साकेत गेला आणि त्यानंही लिहिलं. गुरुराज यांचा फोन आमच्या घरी आला.

"एकाच गल्लीतले दोघं लाल. तुम्ही आपसात ठरवा बाई, शनिवारपर्यंत मला एक नाव द्या."

मला ती जागा हवी होती. फार हवी होती. आजवर जे जे मिळवलं ते परीक्षेला होतं म्हणून, अप्पांना आवडेल म्हणून. जिचा कशाला काही उपयोग नाही, अशी ही पहिलीच गोष्ट होती आणि तिच्यात मी चांगली होते. साकेतला मी हे सोप्याच्या पायरीवर बसून सांगितलं. तो पागोळीचं पाणी बोटांवर घेत म्हणाला, "मलाही हवीय की. पण मला कारण एवढं छान सांगता येत नाही."

"मग दहा फेऱ्या. ज्याची वेळ कमी, त्याचं नाव."

"चालेल."

शनिवारी दुपारी साडेतीनला ट्रॅक मांडला. आधी मी. पहिली फेरी जरा बिचकत गेली, पण नंतर वळणं अशी जमली की गाडी पुस्तकांना चाटून निघत होती, एकदाही न आपटता. "एक मिनिट अडतीस, पॉइंट सहा," अक्का म्हणाल्या. माझी आजवरची सर्वोत्तम वेळ.

मग साकेत. मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात मागे, मुठीत पुन्हा चार्ज केलेली गाडी. पाच फेऱ्या तो असा गेला की मी मनात सेकंद मोजणं सोडून दिलं. तो जिंकणार होता. सहाव्या फेरीत मुठीतली चाकं थांबली. क्षणभरच. मग फिरली. सातव्यात पुन्हा. नवव्यात दोनदा.

"एक चव्वेचाळीस, पॉइंट नऊ. दीपा जिंकली," अक्का उठल्या. "थांबा, चुरमुऱ्यांचं गिरमिट करून आणते."

साकेत हसत माझ्याकडे आला. "अभिनंदन. उद्या मी टाळ्या वाजवायला येणार."

"मुद्दाम हरलास."

"छे. चार्ज संपत आला होता गं."

"चार्ज संपताना गाडी हळूहळू मंदावते. तुझी थांबत होती, आणि लगेच पूर्ण वेगानं निघत होती. चार वेळा." मी मूठ उघडली. गाडी उलटी होती, चाकं वर. "तू चालवतोस तेव्हा हीसुद्धा चालते. पहिल्या दिवसापासून. तुझा अंगठा कधी उचलला जातो ते मला इथं कळतं."

तो माझ्या तळहाताकडे बघत राहिला. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान.

"रोज?"

"एकतीस नोंदी आहेत. विषय बदलू नकोस."

"तुला ती जागा हवी होती ना…"

"हवी होती. दिलेली नको होती. माझ्या वहीतला सगळ्यात चांगला आकडा तू खोटा करून ठेवलास, साकेत. आता मी जिंकले की नाही, मलाच माहीत नाही."

बाहेर पाऊस तसाच बारीक पडत होता. आत अक्कांच्या चाकूचा कांद्यावरचा आवाज येत होता. साकेतनं रिमोट या हातातून त्या हातात घेतला.

"तसं नाही," तो म्हणाला. "म्हणजे… पाच फेऱ्यांपर्यंत मी नीटच चालवत होतो. मग डोक्यात आलं, हिला हरवलं, आणि सोमवारी हिनं भिंतीवर टकटक केलीच नाही तर?"

"टकटक."

"टकटक, आणि टकटक करणारी." त्यानं एका दमात सांगून टाकलं. "मला तू आवडतेस, दीपश्री. हे हरल्यावर सांगायचं ठरवलं होतं. हरलेल्या माणसाला लोक जरा मऊ उत्तर देतात."

मला हसू आलं आणि रागही होताच, आणि दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर मावेनात. माझी नाडी त्या वेळी नक्की शंभरच्या वर होती. मोजली नाही, कारण एका हातात गाडी होती आणि दुसरा हात… दुसरा हात त्यानं कधी धरला ते मला उशिरा कळलं. बोटांना ग्रीसचा वास होता.

"ऐक," मी म्हणाले. "उत्तर 'हो' आहे."

"हो?"

"हो. तू हरलास तरी हो, जिंकलास तरी हो. सोमवारी टकटक होणार, मंगळवारीही होणार. त्याचा शर्यतीशी काही संबंध नाही. म्हणजे आता तुला हळू चालवायला एकही कारण उरलेलं नाही. कळलं?"

"तू जिंकलेली जागा परत पणाला लावतेयस."

"जिंकलेली आहे का, तेच बघायचंय. दोघांच्याही दहा फेऱ्या, नव्यानं. आणि साकेत…"

"काय?"

"या वेळी अंगठा उचललास ना, तर 'हो' परत घेईन."

"आत्ता तर म्हणालीस संबंध नाही."

"शर्यतीशी नाही. अंगठ्याशी आहे."

तो मोठ्यानं हसला. अक्का हातात परात घेऊन दारात आल्या. आमच्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग छताकडे. "आता काय झालं? गिरमिट मऊ पडेल की."

"पुन्हा घ्यायचंय, अक्का. पहिलं मोजमाप चुकलं."

"मी नाही चुकले हं."

"तुम्ही नाही. हा चुकला."

"हौदा? खरंच?" अक्कांनी परात खुर्चीवर ठेवली आणि गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं. "मग आधी ह्याला पळवा."

दोघांनी चाकांवरून चिकटपट्टी फिरवली, आसाला नवं तेल दिलं, पूर्ण मिनिटभर चार्ज केलं. साकेत ट्रॅकच्या कडेला उकिडवा बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला फार आवडलं. अक्कांनी कानडीत आकडे मोजले, "वंदु, एरडु, मूरु." माझ्या मुठीत चाकं फिरू लागली. पलंगाच्या पायाला घाबरणारा तो मुलगा करार कायद्याच्या कोपऱ्यावरून बटण दाबून धरूनच वळला, दहाही वेळा. मग मी माझी गाडी पुन्हा चार्ज केली, रिमोट चालू केला, गुडघे फरशीला टेकले, आणि त्या दीड मिनिटात गाडीखेरीज जगात दुसरं काही पाहिलं नाही.

वहीतली नोंद अशी आहे. शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. साकेत : दहा फेऱ्या, एक मिनिट ३५.२ सेकंद. दीपश्री : दहा फेऱ्या, एक मिनिट ३५.९ सेकंद.