बायदाच्या कानातला गोंडा

पोटची पोर जुदिता तापाने गेल्याच्या नवव्या दिवशी लिबेराता तिचे कपडे आणायला इस्पितळात गेली. दुपारची वेळ होती. सगळं वालेत्ता शहर जेवून आडवं झालं होतं आणि दक्षिणेच्या दमट वाऱ्याने भिंतींनासुद्धा घाम फुटला होता.

सिस्टर पाच्येन्सा वॉर्डच्या दाराशीच उभी होती. कपड्यांचं गाठोडं तिच्या हातात होतं, पण ती ते पुढे करीना.

"लिबेराता, खरं सांग. पोरीला चोरून दूध पाजत होतीस ना?"

लिबेराताने मान खाली घातली. हा ताप शेळीच्या दुधातून येतो असं डॉक्टरांनी शोधून काढलं, तेव्हापासून इस्पितळात दुधाला बंदी होती. गावोगाव शेळ्यांचं रक्त तपासत आणि रोगट निघेल तिच्या कानावर डाग देत. पण डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ दूध वाईट असतं, हे कुठल्या आईला पटावं? चार-चार जिने शेळी वर चढवून दारात धार काढून घेणारी माणसं ही. आणि शेळी तर तिच्या धाकट्या भावाची, स्पिरूची. "आपली बायदा तपासणीत पास झालीय, ताई," तो म्हणाला होता. "भाचीला वाईट दूध देईन का मी?" आई गेल्यावर ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यावर ती शंका कशी घेणार? ती रोज शालीखाली पेला लपवून नेत राहिली. पोरीचा उतरलेला ताप पुन्हा चढला, उतरला, पुन्हा चढला...

"दूध चांगलं होतं, सिस्टर."

"मग हे काय आहे ते तूच सांग. आठ दिवस झाले... रोज याच वेळी..."

जिन्यात घंटा वाजली.

पाठोपाठ दगडी पायऱ्यांवर खूर. टक... टक... प्रत्येक मजल्यावर जरा थांबत, कुणी दार उघडायची वाट बघितल्यासारखे. जिना रिकामा होता. शेळीचा उग्र वास दोघींच्या मधून आत गेला आणि जुदिताच्या खाटेशी थांबला. मग पत्र्याच्या पेल्यात धार पडू लागली. आधी खणखणीत, मग पेला भरत गेला तशी दबत दबत गेलेली.

आवाज थांबल्यावर दोघी पुढे झाल्या. स्टुलावर पेला भरलेला होता. फेसाचे बुडबुडे अजून फुटत होते. शेजारी लाल लोकरीचा गोंडा पडला होता.

तो लिबेरातानेच केला होता. बायदाला दृष्ट लागू नये म्हणून स्पिरूने मागून घेतला होता. "मोठा कर, ताई. कान झाकला पाहिजे."

कान झाकला पाहिजे! गोंडा मुठीत घेऊन, गाठोडं न घेताच ती पळत सुटली.

स्पिरू पावाच्या भट्टीवाल्याच्या घराखाली, पायरीवर डुलक्या घेत बसला होता.

"बायदा कुठेय?"

"सांगितलं ना, पलीकडे गोझो बेटावर विकली."

तिने मूठ उघडली. गोंडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"याच्याखाली काय होतं, स्पिरू?"

"डाग," तो पुटपुटला. "पण ताई, आजारी दिसत होती का ती? एवढी दुभती... जुदिता गेली त्याच दिवशी मारली मी तिला. खाणीत पुरली. तुझी शप्पथ."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दूध नेलं असतंस का?"

परक्याने केलं असतं तर तिने त्याचा गळा धरला असता. याच्यासमोर तिला रडूही येईना. "माझ्या हातांनी पाजलंस रे तिला," एवढंच ती म्हणाली. "माझ्याच हातांनी..."

वरची खिडकी उघडली. भट्टीवाल्याची बायको पोलोनिया तान्ह्याला घेऊन वाकली होती. बाळाच्या ओठांवर पांढरा फेस होता.

"काय रे आळशा! स्वतः खाली बसलास आणि बायदाला एकटीलाच वर पाठवलंस? पण शहाणी हो, थेट दारात येऊन उभी राहिली. मीच धार काढली. बघ, पेलाभर प्यायला लबाड!"

आतल्या जिन्यात घंटा किणकिणली, आणि खूर एकेक पायरी खाली उतरू लागले.

"आणि तिचा गोंडा कुठे रे पडला?" पोलोनियाने विचारलं. "कानावर कुणी डागलंय तिला?"