खंडेनवमीपर्यंत उडी नाही

सुगंधाने वाळूच्या खड्ड्यात डोकावून पाहिलं, तर तिथे एक बेडूक मजेत पोहत होता.

अंधेरीच्या त्या मैदानावर आषाढात दुसरं काय दिसणार? धावपट्टीवर शेवाळ, खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि आभाळ असं की आत्ता कोसळू की मग कोसळू. पण सुगंधा हट्टाला पेटली होती. वाळू नाही तर नाही, गवत तरी आहे, असं म्हणून तिने खिळ्यांचे बूट चढवले, वेणी वर बांधली आणि धावत सुटली. उडी पडली ती थेट चिखलात. उठताना डावा गुडघा असा कळवळला की ती तिथेच बसून राहिली.

"बेडकाशी स्पर्धा चाललीय का?" मागून कोणीतरी विचारलं. "सध्या तरी तोच पुढे दिसतोय."

पायऱ्यांवर छत्री धरून एक उंच, सावळा तरुण बसला होता. गळ्यात शिट्टी. हा कुंडलिक, घाटकोपरच्या एका शाळेत पी.टी. शिकवणारा आणि स्वतः तिहेरी उडी मारणारा. सुगंधाने त्याला स्पर्धांमध्ये लांबून पाहिलं होतं. लांबून बरा वाटायचा.

"सर, हसायला आलात की हात द्यायला?"

"दोन्ही. आणि सर नको म्हणूस, शाळेतली पोरं म्हणतात तेवढं पुरे." त्याने हात पुढे केला. "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"नाही दुखत."

"बरं. मग तो न दुखणारा गुडघा जरा जपून टाक."

सुगंधाला राग आला, पण हात तिने लगेच सोडला नाही. हे तिच्याही लक्षात नंतरच आलं.

ते शहाऐंशी साल होतं. डिसेंबरात एका बँकेत खेळाडूंची भरती होती आणि सुगंधाचं सगळं तिच्यावर अडकलं होतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. आता ते मढला, शूटिंगसाठी भाड्याने देतात त्यातल्या एका बंगल्यावर राखणदार होते. नोकरी लागली तर घर सावरणार होतं. नाही तर मावशीने कणकवलीचं स्थळ काढून ठेवलंच होतं. मुलगा वाईट नव्हता म्हणे. पण उड्या मारणारी सून त्या घरात कोणाला हवी होती? आणि तिची लांब उडी तर गेल्या हंगामात वाढायची सोडून आखूड होत चालली होती. म्हणून बाई भर पावसात चिखल तुडवत होत्या.

कुंडलिकने सगळं ऐकून घेतलं. छत्री तिच्या डोक्यावर, आणि स्वतः अर्धा भिजत.

"तुमच्या कोकणात आषाढात भात कापतात का गं?"

"कापतात कसले? लावणी असते."

"मग? तू तर आषाढातच विळा घेऊन उभी आहेस." तो हसला. "रशियात बर्फ पडतं ना, तेव्हा तिथले उडीवाले खड्ड्याकडे ढुंकून बघत नाहीत. पुस्तकात वाचलंय. आधी पायात ताकद भरायची, मग त्या ताकदीला वेग द्यायचा, आणि उडी सगळ्यात शेवटी. त्यांना बर्फ, आपल्याला पाऊस. फरक काय?"

"आणि हे सगळं माझ्याकडून कोण करून घेणार?"

"संध्याकाळी शाळा सुटते माझी," तो छत्रीच्या दांड्याकडे बघत म्हणाला. "पण एक अट आहे. खंडेनवमीपर्यंत उडी नाही. बूट माझ्याकडे दे."

"माझे बूट? चोर आहेस की काय?"

"तुझ्याकडे राहिले तर तू गप्प बसणार नाहीस. तोंडावरच लिहिलंय."

लिहिलेलं होतंच. तिने फणफणत बूट काढून दिले आणि अनवाणी घरी गेली. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, धुवायला दिलेत.

मग सुरू झाली ती पायांची लावणी. कुंडलिकचा थोरला भाऊ अंबादास याचा साकीनाक्याला लेथचा छोटा कारखाना होता. तिथून त्याने एक लोखंडी दांडा आणि जुनी चाकं आणली. श्रावणात लोक सोमवार धरत होते आणि सुगंधा दांडा खांद्यावर धरून उठबशा काढत होती. एका पायावर पायऱ्या चढायच्या, वाळूची पिशवी पाठीला बांधून उतरायच्या. भाद्रपदात उसंत मिळाली की गवतावर छोट्या छोट्या ढांगा, चेंडूसारख्या. आणि थकली की कुंडलिक म्हणायचा, आज बस. हे तिला सगळ्यात कठीण जायचं.

"अजून एक फेरी मारते ना."

"नाही. ताकद आरामात वाढते. भाकरीला वाफ धरू दे जरा."

"घाटावरचा माणूस, भाकरीशिवाय सुचत नाही काही."

"आणि तुला माशांशिवाय. आज डब्यात काय आहे?"

"सुकटीची चटणी. तुला तिखट लागेल."

लागली. डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने डबा पुसून खाल्ला, आणि सुगंधाला त्या संध्याकाळी उगाचच फार बरं वाटलं. दुखणं कमी होत होतं. पायांत ताकद भरली होती. तिने एकदा म्हणून पाहिलं, "कुंडलिक, तुझे आभार कसे..." तर त्याने शिट्टीच वाजवली. "उडी पडू दे आधी. मग मान काय मानायचे ते."

गणपती गेले आणि ते दर रविवारी मढच्या किनाऱ्यावर धावायला जाऊ लागले. ओल्या वाळूत पाय रुतत, पोटऱ्या पेटत. बाबा बंगल्यावरून लक्ष ठेवून असत. एका रविवारी सुगंधा लवकर पोचली. ओहोटी होती. पुढे सपाट, गुळगुळीत, कोणी पाऊल न टाकलेली वाळू. उडीवाल्याला अशी वाळू दाखवणं म्हणजे मांजराला दूध दाखवण्यासारखंच. एकच, म्हणून तिने मारली. मग आणखी एक. मग कुंडलिक येताना दिसला आणि ती साळसूदपणे शिंपले वेचू लागली.

तो सरळ तिच्याकडे आला नाही. ठशांच्या ओळीशेजारून हळूहळू चालत आला आणि शेवटच्या ठशापाशी उकिडवा बसला.

"ही उडी कोणाची?"

"असेल एखाद्या कोळणीच्या पोरीची."

"तिचापण डावा अंगठा असा बाहेर वळतो का? तुझ्यासारखा?"

सुगंधाचे कान तापले. हा आपल्या पायाचा अंगठासुद्धा ओळखतो? रागवायचं सोडून तो मात्र ठशात बोट घालून बसला होता.

"बघ, टाच केवढी रुतलीय. शेवटची ढांग तू फार लांब टाकतेस. पाय पुढे जातो, अंग मागे राहतं, आणि ऐन उडीला तूच ब्रेक लावतेस. तो ब्रेक सगळा गुडघ्यात जातो. म्हणून दुखतो... म्हणून उडीपण आखूड."

वर्षभर ती त्या गुडघ्याला शिव्या घालत होती. बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

"दाखव ना कशी टाकायची," ती हळूच म्हणाली.

त्याने एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग चप्पल काढून अर्ध्या वेगाने धावला आणि उजव्या, उजव्या, डाव्या पायावर तीन हलक्या उड्या मारून वळला. आता ठसे वाचायची पाळी सुगंधाची होती. उजव्या पायाचे दोन्ही ठसे नुसत्या चवड्याचे होते. टाच कुठेच टेकली नव्हती.

"तुझी टाच..."

"गेली," तो म्हणाला. "उन्हाळ्यात हाड तडकलं. डॉक्टर म्हणतात, तिहेरी उडी विसर."

"आणि हे तू आत्ता सांगतोस? मला उठबशा काढायला लावून स्वतः मात्र..."

"मी त्या दिवशी मैदानावर बूट ठेवून यायला गेलो होतो. तिथल्या खोलीत, कायमचे. तर तू चिखलात बसलेलीस." तो समुद्राकडे बघत राहिला. "बरं झालं बसलीस. पावसाळा कसा काढणार होतो, मला माहीत नव्हतं."

इतके दिवस तिला वाटत होतं की घेणारी आपण एकटीच आहोत. त्याच्या हाताला लागलेली वाळू तिने नुसती झटकून दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

"काय गो," मागून बाबांचा आवाज आला. ते चहाची किटली घेऊन उभे होते. "वाळूत काय हरवला तुमचा?"

"काही नाही बाबा," दोघं एकदमच म्हणाले.

खंडेनवमीला ती साकीनाक्याला गेली. कारखाना धुऊन काढलेला, लेथला झेंडूचं तोरण, पाने-हातोड्या-करवती पाटावर मांडलेल्या. त्यांच्या मधोमध तिचे बूट होते, तेल दिलेले, एकेक खिळा घासून लखलखीत केलेला, वर हळदकुंकू.

"तुझे कुठायत?"

"माळ्यावर. ज्यांनी काम करायचंय त्यांची पूजा असते." कुंडलिक हसून म्हणाला, पण नजर त्याने चुकवली.

सुगंधाने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, बुटांशेजारी ठेवली, तिला कुंकू लावलं आणि झेंडू वाहिला. मग वाकून नमस्कार केला. अंबादास प्रसादाच्या ताटात उगाच काहीतरी शोधू लागला.

डिसेंबर उजाडला. भरतीच्या दिवशी बाबा मढहून इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिल्या दोन उड्या बेताच्याच पडल्या. तिसरीला, शेवटच्या, सुगंधा धावली, शेवटची ढांग आखूड टाकली, आणि फळीवरून अशी सुटली की वाळूत पडेपर्यंत तिला वेळच वेळ मिळाला. पंच टेप घेऊन धावले. बाबांनी डोळे मिटले. सगळे खड्ड्याकडे बघत होते, एकटा कुंडलिक दोरीपलीकडून उडीच्या फळीकडे टक लावून पाहत होता.

"टाच नाही रुतली," तो ओरडला.

मग पंचांनी आकडा सांगितला. तो गेल्या हंगामापेक्षा हातभर पुढचा होता, आणि नोकरी तिची झाली.

माणसं पांगल्यावर ती वाळू झटकत त्याच्याजवळ गेली. बूट सोडून त्याच्या हातात दिले.

"आता मानू आभार?"

"मान."

"पुढच्या पावसाळ्यातपण बूट तुझ्याकडेच ठेवीन. त्याच्या पुढच्यापण."

"असे किती पावसाळे?" त्याने नाड्या गुंडाळत विचारलं.

"परक्याकडे ठेवले तर मोजायचे," सुगंधा म्हणाली. "आपल्याच घरात असले तर कशाला मोजायचे?"

कुंडलिकने बूट छातीशी धरले. "घर लहान आहे. आणि आईच्या हातची भाकरी... रोज."

"सुकट मी आणीन."

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग मुलीच्या अनवाणी पायांकडे, मग कुंडलिककडे. सुगंधा घाबरत म्हणाली, "बाबा, ते कणकवलीचं..."

"मावशेक मी कळवतंय," बाबा म्हणाले. "आणि माका नवा काय सांगू नको. माका मढाकच कळलेला."