पाचव्या मजल्यावरून उतरलेला पाशा

पाशा पाचव्या मजल्यावरून खाली गेला, त्यात अर्धा दोष विजेचा, अर्धा जोसेफीन मावशीचा आणि उरलेला पाशाच्या स्वतःच्या हुशारीचा. दोन अर्धे झाल्यावर काही उरत नाही, हे खरं. पण पाशाला ओळखणाऱ्या कुणालाही हा हिशेब पटेल.

त्या सकाळी वीज नव्हती, म्हणून लिफ्ट बंद होती. लिफ्ट बंद असली की अश्रफीयेच्या वस्तीत कुणी रोट्यांसाठी पाच जिने उतरत नाही. टोपलीला दोर बांधतात, गॅलरीतून खाली सोडतात, आणि खालच्या दुकानदाराला, अबू नकूलाला, हाक मारतात. अबू नकूला दुकानातून बाहेर येतो, रोट्या ठेवतो, आदल्या दिवशीच्या बातम्यांवर शेरा मारतो आणि टोपली वर जाते. पाचव्या मजल्यावरच्या जुमानाने टोपलीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या, त्यावर फडकं टाकलं, आणि तेवढ्यात मॉन्ट्रियलहून जोसेफीन मावशीचा फोन आला.

मावशी "दोन महिन्यांत येते गं" म्हणून गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. जाताना ती तिचा पूडल कुत्रा भाचीच्या, जुमानाच्या, हातात देऊन गेली.

"घर मिळालं का माझ्या पाशाला?" मावशीने विचारलं. "तू पॅरिसला गेल्यावर त्याला डोंगरात त्या सुआदकडे नको हं पाठवू. ती अंगणात बांधून ठेवेल त्याला."

"बघतेय मावशी, विचारतेय सगळ्यांना…" जुमाना गॅलरीच्या कठड्याकडे पाठ करून एका हाताने दोर सोडत होती. टोपली आज जरा जड वाटली. बाटल्यांत पाणी राहिलं असेल, एवढाच विचार तिने केला.

खाली अबू नकूलाचे हात ऑलिव्हच्या बरणीत कोपरापर्यंत बुडाले होते. कॉफी प्यायला आलेल्या रमझीला तो म्हणाला, "डॉक्टर, घे रे तेवढी टोपली." रमझी डॉक्टर नव्हता. समोरचं औषधांचं दुकान त्याने उन्हाळ्यात उघडलं होतं. पण पांढरा कोट घालणाऱ्याला ती गल्ली डॉक्टरच म्हणते. त्याने टोपली धरली आणि फडकं उचललं.

"अहो, पाचवा मजला!" खालून आवाज आला. "तुमची बाटली माझा हात चाटतेय!"

जुमानाने वाकून पाहिलं. बाटल्यांवर बसून, जर्दाळूच्या रंगाच्या कुरळ्या केसांचा पाशा अगदी स्वस्थ, राज्यकारभार पाहायला निघाल्यासारखा गल्ली न्याहाळत होता. टोपलीत गेलेली गोष्ट खाली जाते आणि खाली खाऊ असतो, एवढं त्याने रोज बघून बघून ताडलं होतं.

"त्याला सोडू नका! घट्ट धरा!"

"धरलंय!" तो माणूस म्हणाला. कुत्र्याला छातीशी धरून तो कशाची तरी वाट बघत राहिला.

"काय झालं?"

"मला शिंक आली नाही!" त्याने वर तोंड करून सांगितलं. "कुत्रं, मांजर, काहीही जवळ आलं की मी शिंकून शिंकून बेजार होतो. याच्यात बिघाड आहे का काही?"

"पूडलचे केस गळत नाहीत! तेवढाच त्याचा फायदा!"

"आणि तोटे?"

"ते इतक्या लांबून ओरडून सांगण्यासारखे नाहीत!"

"मग खाली या ना!"

तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम हेलनने कपडे वाळत घालणं थांबवलं होतं. अबू नकूलाने हात बरणीतून बाहेर काढले होते. जुमाना घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून पाच जिने उतरली. कुत्र्यासाठी उतरली, असं तिने पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं.

जवळून पाहिलं तर तो माणूस काही फार देखणा नव्हता. नाक मोठं, शिंकांना साजेसं. पण पाशाला त्याने दोन्ही हातांवर जपून धरलं होतं… आणि हसताना तो आधी खाली बघत असे.

जुमानाने त्याला खरं ते सांगितलं. नाताळानंतर ती पॅरिसला जाणार होती. ती फिजिओथेरपिस्ट, तिकडच्या इस्पितळात वर्षाचा करार. भावाने सगळं जुळवून दिलं होतं. भावाच्या घरात कुत्रं चालणार नव्हतं. जायच्या आत पाशाला घर मिळायला हवं होतं, नाहीतर सुआदचं अंगण ठरलेलं.

"मी घेईन," रमझी म्हणाला. "पण विचार करून. आधी तोटे ऐकतो."

"एका दिवसात नाही संपायचे."

"मला घाई नाही," तो म्हणाला, आणि खाली बघून हसला.

असे तोटे सुरू झाले. संध्याकाळी दुकानात गर्दी ओसरली की जुमाना पाशाला घेऊन येई, आणि तिघं गल्लीच्या टोकाच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसत. केस गळत नाहीत, म्हणजे वाढत राहतात, हा पहिला तोटा. रोज विंचरायचे, नाहीतर गुंते होतात, आणि गुंता झाला की कात्री. ती कंगवा कसा धरायचा ते दाखवू लागली. त्या दाट लोकरीत त्याची बोटं चुकून तिच्या बोटांना लागली. चुकून, असं दोघांनीही धरून चाललं. पाशा मात्र मान वळवून दोघांकडे बघत राहिला.

"कान आठवड्याला पुसायचे. त्यात केस उगवतात," ती घाईने म्हणाली.

"पुढे?"

"पावसात भिजला की निम्मा होतो. ओळखू येत नाही, लाज वाटते बरोबर चालायची."

"पुढे?"

"फार हुशार आहे."

"हा तोटा?"

"घरात राहून बघ मग कळेल!" तिच्या तोंडून 'बघ' गेलं आणि तिने जीभ चावली. रमझीने ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तोही तिला अहो-जाहो करेनासा झाला.

पाशाची हुशारी खरोखरच अडचणीची होती. वीज आल्यावर लिफ्ट कशी गुणगुणते, ते त्याला पाठ होतं. जुमाना बाहेर गेली असेल तर तो आवाज येताच तो दाराशी धावे, कारण आता ती येणार. ती आली नाही तर तिथेच बसून राही. रडत नसे. नुसता बसे. आणि हा सगळ्यात मोठा तोटा, असं जुमाना म्हणाली. पूडलला एकटं राहता येत नाही.

नोव्हेंबर सरत आला आणि जुमानाच्या लक्षात एक गोष्ट आली. खरे तोटे केव्हाच संपले होते. आता ती रचून सांगत होती. पाशाला लसणाचा वास चालत नाही, पाशा मंगळवारी रुसतो, पाशाला फिरोजी निळा रंग आवडत नाही… कारण रमझी एकदा "ठीक, घेतो" म्हणाला की संध्याकाळी खाली यायला काही निमित्त उरणार नव्हतं. हे कळलं त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. प्रेम वगैरे काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. बजावावं लागलं, त्याअर्थी ते होतं.

"एक विचारू?" रमझी दुसऱ्या दिवशी म्हणाला. "आपलं तेल गढूळ असं कुणी तेलवाला म्हणत नाही. तू तर रोज येऊन तोटेच सांगतेस. तुला हा कुत्रा मला द्यायचा आहे की नाही?"

"द्यायचाच आहे."

"मग?"

पावसाचे दोन थेंब पाशाच्या डोक्यावर पडले. तिने त्याला कोटात घेतलं.

"मग काय… तू घे म्हण ना एकदाचं."

"म्हटलं तर तू उद्या येणार नाहीस."

पाऊस वाढला आणि तिघं अबू नकूलाच्या छपराखाली धावली. पाशा तेवढ्यात भिजून निम्मा झाला होता, आणि तरी रमझीला त्याच्याबरोबर चालायची लाज वाटली नव्हती.

अबू नकूलाच्या दुकानात दारामागे खिळ्यांची एक रांग आहे. "सहा महिन्यांत येतो, काका" म्हणून परदेशी गेलेल्यांच्या चाव्या तिथे लटकतात. काहींवर गंज चढलाय. जोसेफीन मावशीची बँकेच्या लॉकरची चावीही तिथेच आहे. अबू नकूला त्यांच्याबद्दल बोलत नाही. सणाला फक्त फडक्याने पुसतो.

निघायच्या सकाळी जुमाना सामान घेऊन खाली आली. पाशा रमझीच्या हातांत होता. अबू नकूलाने डोळे पुसत सवयीने खिळ्याकडे हात नेला.

"दे पोरी. फुलझाडांना माझी बायको पाणी घालेल."

जुमानाने चावी रमझीच्या कोटाच्या खिशात टाकली.

"तुळशीला रोज," ती म्हणाली. "बाकीच्यांना एक दिवसाआड. आणि पाशाला कधीमधी वर ने. त्याचं घर आहे ते."

"किती दिवस?" रमझीने विचारलं. आवाज हलका ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला. "पूडल पंधरा वर्षं जगतो, तू म्हणाली होतीस."

"वर्षाचा करार आहे."

"सगळ्यांचा वर्षाचाच असतो, जुमाना."

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. तिने पाशाच्या कपाळावर ओठ टेकले. रमझीच्या गालावर टेकावेत असं मनात होतं, पण मादाम हेलन गॅलरीत उभी होती. टॅक्सी वळल्यावर मात्र जुमाना मोकळेपणी रडली, आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटलं, देश सोडून चाललीय म्हणून.

पॅरिसमध्ये लिफ्ट कधी बंद पडत नसे. इस्पितळातल्या लिफ्टचं दार उघडलं की जुमाना आधी खाली, जमिनीकडे बघे. तिथे कुणी बसलेलं नसे. रविवारी रमझीचा फोन येई. पाशाचे केस त्याने स्वतः कापले होते, एक बाजू कमी एक बाजू जास्त. गल्लीने त्या दिवशी सुट्टी घेऊन तमाशा पाहिला. तुळस ठीक होती. तो आता बहुतेक संध्याकाळी वरच, तिच्या घरात, पाशाला घेऊन बसत असे.

"आणि वीज आली की?" ती विचारी.

"जातो दाराशी. बसतो," रमझी सांगे. मग जरा थांबून, "मीही कधीकधी."

वर्ष संपताना इस्पितळाने करार वाढवून देऊ केला. पगार चांगला होता. भाऊ म्हणाला, वेडी आहेस का? मावशीने मॉन्ट्रियलहून सांगितलं, कुत्र्यासाठी कुणी परत जातं का गं? जुमानाने तिकीट काढलं, आणि ते रमझीलाही सांगितलं नाही. येते म्हणून न येणाऱ्यांची गल्ली होती ती. तिथे बोलण्यापेक्षा समोर येऊन उभं राहिलेलं बरं.

टॅक्सीतून ती उतरली तेव्हा दुपार कलली होती आणि नेहमीप्रमाणे वीज नव्हती. अबू नकूला दुकानाच्या पायरीवर कॉफी पीत होता. त्याचा कप हवेतच राहिला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. पाचव्या मजल्यावर, हातात झारी घेऊन, पांढऱ्या कोटातला माणूस तुळशीला पाणी घालत होता.

"अहो, पाचवा मजला!"

आधी पाशा भुंकला. एकदाच, आणि मग न थांबता. झारी कठड्यावरून निसटली आणि मादाम हेलनच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी पडलं, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

"लिफ्ट बंद आहे!" रमझीला सुचलं ते तो ओरडला.

"ठाऊक आहे!"

"थांब, मी येतो… मी आलोच!"

"तू नंतर! आधी त्याला पाठव!"

त्याने पाशाचा पट्टा टोपलीच्या कडीला बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि दोन्ही हातांनी दोर धरून टोपली सोडली, अगदी हळू. पाशा उभा राहून सगळ्या गल्लीला ओरडून बातमी देत होता. टोपली जमिनीला टेकायच्या आत जुमानाने त्याला उचललं. त्याचे कान स्वच्छ होते. लोकरीत एकही गुंता नव्हता.

"एक तोटा सांगायचा राहिला होता!" ती वर बघून म्हणाली.

"आता? वर्षाने?"

"एकटं राहता येत नाही!"

"तो तर तू केव्हाच सांगितला होतास!"

"तेव्हा पाशाचा सांगितला होता!" तिचा आवाज चिरकला, पण तिने तो खाली आणला नाही. गॅलऱ्या भरल्या होत्या, भरू देत. "हा माझा आहे! तुझ्याशिवाय मला राहता येत नाही, रमझी!"

दोर त्याच्या हातातून सुटून खाली आला आणि गॅलरीत कुणी नव्हतं. जिन्यावर धाडधाड पावलं वाजू लागली. अबू नकूलाने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "पाय मोडू नकोस रे, डॉक्टर, औषधं कोण देईल मग!"

जुमाना दुकानाच्या पायरीवर बसली, पाशा मांडीवर. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली असतील नसतील, तेवढ्यात गल्लीतले दिवे लागले. वीज आली होती. इमारतीच्या दाराआड लिफ्ट गुणगुणायला लागली.

पाशाने कान टवकारले, त्या आवाजाकडे एकदा पाहिलं आणि डोकं पुन्हा तिच्या हातावर ठेवलं. तो उठला नाही.