वजनावर घेतलेला सप्लाय

तीस हजारांत गेमिंग कम्प्युटर बसतो का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे. पण बाबा म्हणाले, “तीस. वर छदाम नाही.” मग मी प्रामाणिकपणा बाजूला ठेवला आणि स्कूटर काढून गोहलपुरच्या कम्प्युटर बाजारात निघालो. बाबा मागे बसले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण पैसे त्यांचे होते.

बाबांच्या छातीत पेसमेकर आहे. तो बसवल्यापासून आमच्या घरात पैसा आणि बाबा दोघंही जपून चालतात. डॉक्टरांच्या मते बाबांचं हृदय पूर्णपणे त्या यंत्राच्या भरवशावर आहे. आईच्या मते, “यांच्या हृदयालासुद्धा सांगावं लागते, बाबा रे चाल म्हणून.”

विपुल भैयाचं दुकान म्हणजे लोखंडी कपाटांची एक बोळ. नवा माल पुढे, वापरलेला मागे आणि त्याच्याही मागे तो माल, ज्याबद्दल विचारायचं नसतं. प्रोसेसर मी नवा घेतला. रॅम नवी, पण गरिबीतली. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं. त्याचे पंखे एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरासारखे घसा खाकरून सुरू होत. इथपर्यंत आलो तेव्हा पैसे जवळजवळ संपले होते आणि पॉवर सप्लाय राहिला होता.

सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज पचवून सगळ्या भागांना वाटून देणारा डबा. तो हलका घेतला तर मरताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. इंटरनेटवर मी किती अनोळखी पोरांना हात जोडून सांगितलं असेल, कुठेही कापा, सप्लायमध्ये कापू नका. आता मी सप्लायमध्येच कापणार होतो.

“थांब,” बाबा म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. वस्तू तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. फणस, कुलपं, माझ्या आत्याचं स्थळ, सगळं त्यांनी असंच वजनावर पास केलंय. दुकानातले सप्लाय ते एकेक करून उचलत गेले. वरच्या फळीवर धूळ खात पडलेला काळा, बिननावाचा एक डबा त्यांनी काढला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हा घे. हा माल आहे.”

मी हातात घेतला. जड होता, आणि कोमट होता.

“बाबा, हा गरम काहून आहे?”

“ऊन लागलं असेल.”

त्या बोळीत ऊन कधी शिरलं असेल असं वाटत नव्हतं. विपुल भैया काही तरी सांगायला पुढे आला, बाबांकडे बघून थांबला आणि म्हणाला, “ले जाइए अंकल, आपको पसंद है तो।” पैसेही नावापुरतेच घेतले.

स्कूटरवर कॅबिनेट माझ्या पायांत राहिलं. सप्लाय बाबांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. डॉक्टरांनी त्यांना मोबाईलसुद्धा डाव्या खिशात ठेवायला मना केलं आहे. पण डबा कशालाच जोडलेला नव्हता, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चेरीतालला आमच्या घरापर्यंत खड्डे भरपूर आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा त्याला आणखी आवळून धरत होते.

कम्प्युटर पहिल्या दमात सुरू झाला. ही खरं तर पहिली संशयास्पद गोष्ट होती. आईने कॅबिनेटला कुंकू लावलं, धाकट्या बहिणीने, सलोनीने, पुढच्या पट्टीवर निळा दिवा निवडला आणि मी गेम उतरवायला लावला. आमच्या इंटरनेटचा वेग पाहता गेम पूर्ण उतरायला चांगला आठवडा लागणार होता, म्हणून कम्प्युटर बंद करायचा नाही असं ठरलं.

मग एका दुपारी लाइट गेली. गल्लीभर “गई!” असा पुकारा झाला, कूलर थांबला, पंखा मरगळत मरगळत थांबला. कम्प्युटर चालूच होता.

“दादा, यूपीएस घेतला काय तू?” सलोनीने विचारलं.

“नाही.”

“मग हे कशावर चालून राहिलं?”

“कपॅसिटर,” मी म्हटलं. अर्धवट शिकलेल्या माणसाला काहीही ढकलायला कपॅसिटर फार सोयीचा असतो. तो क्षणभर वीज धरून ठेवतो. लाइट आली तेव्हा आमची जेवणं होऊन भांडी घासून झाली होती.

मी खाली वाकलो आणि प्लग भिंतीतून काढला. पंखे फिरतच राहिले. निळा दिवा तसाच. सलोनी टाळ्या वाजवत म्हणाली, “बिल वाचलं!” मीही हसलो. प्लग माझ्या हातात होता आणि तो आता कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

“बंद करून उघडून बघतो,” मी म्हटलं आणि शट डाउन दाबलं.

पंखे थांबले. बाहेरच्या खोलीत स्टीलची वाटी पडली, आणि त्यामागोमाग काही तरी जड पडलं. आई ओरडली. सलोनी धावली. मी उठताना वायरीत अडकलो, आधारासाठी हात कॅबिनेटवर टाकला आणि बटण दाबलं गेलं. पंखे घसा खाकरत सुरू झाले.

बाहेर बाबा फरशीवर बसून आमच्याकडे बघत होते. “वाटी कोणी पाडली?” त्यांनी विचारलं.

आम्ही त्यांना तसेच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसाने पेसमेकरशी बोलणारी एक चकती त्यांच्या छातीवर धरली. पुन्हा धरली. मग जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी स्वतः चकती धरली, पडद्याकडे पाहिलं, मग बाजूच्या मॉनिटरवर एकसारख्या उसळणाऱ्या रेषेकडे पाहिलं.

“बैटरी तो पूरी ख़त्म है। इतनी जल्दी होनी नहीं चाहिए थी।” ते हळू आवाजात म्हणाले. “ये चल कैसे रहे हैं?”

“ऑटो से आए,” बाबा म्हणाले.

नवं यंत्र नागपूरहून सोमवारी येणार होतं. तोवर दवाखान्यातच राहायचं, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. बाबांना तिथे अस्वस्थ वाटायला लागलं. पाय गार पडतात म्हणाले, छातीत कोणी तरी लांबून हाक मारल्यासारखं होते म्हणाले. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून ते घरी आले. दाराच्या आत पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा निवळला. मला ते आवडलं नाही.

घरी कोविडच्या दिवसांतलं बोटाला लावायचं यंत्र होतं. सलोनीने ते बाबांच्या बोटाला लावलं. नाडी ठीक होती. यंत्र प्रत्येक ठोक्याला बारीक ‘टिक’ करत होतं.

“दादा,” ती म्हणाली. “दिवा बघ.”

कॅबिनेटची निळी पट्टी लुकलुकत होती. तिने तर स्थिर दिवा निवडला होता. टिक, आणि निळं. टिक, आणि निळं.

“बाबा, जरा गच्चीवर जाऊन या ना,” सलोनी म्हणाली. “वाळवण बघून या.”

“वाळवण कुठलं? आईने घातलंच नाही.”

“तरी बघून या.”

बाबा कुरकुरत जिना चढले. आम्ही दोघं पट्टीसमोर बसलो. बाबांची चप्पल एकेक पायरी वर जात होती आणि दिव्याचं लुकलुकणं भरभर होत गेलं. वर पोचून ते थांबले, त्यांचा दम खाण्याचा आवाज आला. दिवाही दम खात होता.

मी स्कूटर काढली आणि गोहलपुर गाठलं.

“वो काला वाला?” विपुल भैया ओशाळला. “भैया, वो तो डमी है। शोकेस का पीस। अंदर सर्किट-विर्किट कुछ नहीं, वज़न के लिए सीमेंट भरा है।”

“बताया क्यों नहीं?”

“अंकल इतने खुश थे। मैंने सोचा चलेगा नहीं, तो आप वापस ले ही आओगे।” मग त्याने काळजीने विचारलं, “क्यों, चल नहीं रहा?”

घरी येऊन मी मोबाईलचा टॉर्च सप्लायच्या जाळीला लावला. पंख्यामागे राखाडी सिमेंट होतं, काठोकाठ. सगळ्या वायरी त्याच्यातून बाहेर येत होत्या. मी जाळीतून काडी घालून त्याला टोचलं. काडीचं टोक ओलं होऊन आलं.

सोमवारपर्यंत कम्प्युटर बंद होऊ द्यायचा नाही, एवढंच आता बघायचं होतं. मी बटणावर औषधाच्या डबीचं झाकण चिकटवलं. सलोनी आणि मी पाळीपाळीने खुर्चीवर बसलो. गेम उतरून झाला होता. कोणी सुरू केला नाही. आई-बाबांना आम्ही काही सांगितलं नाही, कारण सांगायचं काय? तुमच्या छातीतलं काम सध्या गोहलपुरचं सिमेंट करून राहिलं आहे?

रविवारी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली. अपडेट तयार आहे, कम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागेल. मी ‘नंतर’ दाबलं. दुपारी ती परत आली. सलोनीने ‘नंतर’ दाबलं.

संध्याकाळी सलोनी दळण घेऊन आली आणि डबा उतरवायला तिने मला दारातून हाक मारली. मी उठलो. दारापर्यंत गेलो. डबा हातात घेतला.

मागे बाबांचा आवाज आला. “अरे, हे बिचारं कधीचं विचारून राहिलं!”

मी वळलो. बाबा कम्प्युटरसमोर उभे होते. एका हातात चहाचा कप, वाफाळता. दुसरा हात माऊसवर.

“दिलं मी करून. एवढं साधं काम लटकवून काहून ठे—”

पडदा काळा झाला.

निळा दिवा विझला नाही. नुसता स्थिर झाला.

बाबाही पडले नाहीत. ते उभे राहिले. तोंड किंचित उघडं, भुवया वर, कप हातात सरळ.

काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं गोल कडं फिरायला लागलं. ‘कृपया कम्प्युटर बंद करू नका.’

“दादा, काही कर,” सलोनी म्हणाली.

मी बाबांचं मनगट धरलं. ऊब होती. बाकी काही नव्हतं.

तीस टक्के.

आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने बाबांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि चौकट धरली. कपातून वाफ येणं थांबलं होतं.

साठ टक्के. मग बराच वेळ साठच.

एक माशी बाबांच्या गालावर बसली, डोळ्याच्या कडेपर्यंत चालत गेली. पापणी हलली नाही.

ठिपके फिरत होते. आम्ही तिघं श्वास घेत होतो, आणि ते आम्हाला ऐकू येत होतं.

शंभर.

पडदा उजळला. दिवा एकदा लुकलुकला. मग पुन्हा.

“—वता रे,” बाबा म्हणाले.

त्यांनी गालावरची माशी हाकलली, चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बोटाने कपावरची जाड साय बाजूला केली.

“शकु,” ते आईला म्हणाले, “आज चहा गार दिलास.”