सुट्या केलेल्या रेषा

नदीचा उगम गाठायचा, एवढ्यासाठीच आम्ही तिघं निघालो होतो. मोजणीदार काकांनी तीस वर्षं हे खोरं पायाखाली घालून गावं, ओढे, विहिरी नकाशावर आणल्या होत्या. राहिला होता तो उगमाचा कोपरा. तो जुन्या प्रतीवरून उतरवलेला आणि तिथली नदीची निळी रेघ तुटक, म्हणजे प्रत्यक्ष न मोजलेली. आठ दिवसांनी काका निवृत्त होणार होते. बरोबर कड्यांवरून मध उतरवणारा, दोर घेतलेला मधवाला आणि नवी प्रत रेखाटणारी मी. खुर्ची सोडून डोंगरात पहिल्यांदाच येत होते, पण तोरा काकांपेक्षा जास्त!

दोन दिवस नकाशाच समोर उभा राहत होता. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा जिथे विरळ, तिथे गुरं चरत होती. जिथे दाट, तिथे आमच्या तोंडाला फेस येत होता. कागदावरचं बोटभर वळण चालायला अर्धा दिवस लागला. एवढं मोठं खोरं मी टेबलावर कोपरं टेकून काढलं होतं, याची लाजच वाटली.

तिसऱ्या सकाळी माथ्यावर दाट धुकं होतं.

"पुढे उतार सौम्य आहे," मी नकाशा पाहून म्हणाले.

"या अंगानं आम्ही मधालाही जात नाही, साहेब," मधवाला म्हणाला.

"पोरीचं रेखाटन आहे. तिचा हात चुकत नाही." काका पुढे झाले.

दहा पावलं. वीस. काकांच्या पायाखालचा दगड सुटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही! काका घसरले. मधवाल्याने त्यांची कॉलर धरली, मी मधवाल्याचा पट्टा. तिघंही गवतात आडवी!

मग धुकं फाटलं.

समोर जमीनच नव्हती. कडा सरळ तुटला होता. घारी आमच्या खाली उडत होत्या. आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. कड्याच्या पोटातून पांढरं पाणी उसळत होतं आणि तळाला पोचण्याआधीच त्याचे तुषार होऊन जात होते. त्याच्याही पलीकडे, उन्हात, वळणावळणानं सबंध खोरं पसरलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मला आठवलं. जुन्या प्रतीत इथे सात रेषा चिकटून एकच जाड रेघ झाली होती. मला वाटलं, शाई फुटली.

"काका, चूक माझी. मी रेषा सुट्या केल्या. सुबक दिसाव्यात म्हणून."

"म्हणजे मघाशी मी तुझ्या दोन रेघांच्या मधे पाय टाकला," काका शांतपणे म्हणाले.

"दोर अर्ध्यापर्यंत पुरेल, साहेब," मधवाला म्हणाला.

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्याला दोर लागत नाही."

काका पोट धरून हसले. मग त्यांचे डोळे भरून आले. "चला, माघारी जायचं. उगम दिसला, पण गाठला नाही. तिथे पाय लागल्याशिवाय रेघ अखंड करायची नाही."

मी घाईघाईने पेन्सिल काढली, तिथल्या तिथे दुरुस्ती करायला. काकांनी ती काढून घेतली.

"ते ऑफिसात कर. तीस वर्षं मी खाली मान घालून हे खोरं मोजलं, पोरी. आता जरा बघू दे. तूही बघ."